रानटी प्राणी समोर आला आणि मी पळाले. भाच्याला आता काय सांगू?

पाऊलवाट (प्रश्न)

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी जवळजवळ रोज पहाटे चालायला जाते. माझी वाट एका टेकडीच्या उतारावरून दाट झाडीतून जाते आणि सुट्टीच्या दिवशी माझा नऊ वर्षांचा भाचाही कधीकधी बरोबर येतो. चार महिन्यांपूर्वी अशाच एका सकाळी, पुरते उजाडलेले नसताना, एका वळणावर झुडपातून रानडुकराची मादी बाहेर आली आणि तिच्या मागोमाग चार-पाच पिल्ले आली. आमच्यात वीसएक पावलांचे अंतर असावे. ती थबकली, तिने नाकातून जोराचा फुत्कार टाकला, आणि त्यानंतरचे मला एवढेच आठवते की मी उतारावरून खाली धावत होते. भाचा माझ्याबरोबर नव्हता. मी थांबून मागे पाहिले तेव्हा तो आधी होता त्याच जागी उभा होता आणि ती मादी पिल्लांना घेऊन पलीकडच्या झाडीत शिरत होती. कुणाला साधा ओरखडाही आला नाही.

परतताना आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही. घर जवळ आल्यावर त्याने विचारले, "मावशी, पुढच्या वेळी मीपण पळायचं का?" त्याच्या स्वरात रुसवा नव्हता, तक्रार नव्हती, त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मला उत्तर देता आले नाही. "बघू" एवढेच म्हणून मी दार उघडले.

तेव्हापासून ती वाट सुटली आहे. तीन वेळा प्रयत्न केला, पण पाचोळ्यात सरडा सळसळला तरी छातीत धडधडू लागते, तळहातांना घाम फुटतो आणि मी मागे फिरते. मागे फिरल्याबरोबर मोकळे वाटते, आणि दुसऱ्या दिवशी बाहेर पडणे आदल्या दिवसापेक्षा जड जाते. हल्ली मी दिवे असलेल्या रस्त्यावरूनच फेऱ्या मारते आणि भाच्याला काही ना काही कारण सांगून टाळते.

"प्राणी माणसालाच जास्त घाबरतात, तू उगाच बाऊ करतेस" असे मला अनेकांनी सांगितले. ते खरेही असेल, पण त्याने माझी भीती कमी होत नाही, कारण मला आता त्या प्राण्याइतकीच माझी स्वतःची भीती वाटते. पुन्हा तसेच घडले तर मी पुन्हा त्याला सोडून पळेन का, या विचाराने झोप उडते. ज्यांना रानावनात चालण्याचा अनुभव आहे किंवा ज्यांनी अशा भीतीचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया सांगावे की अशा वेळी नेमके काय करायला हवे, ते ऐनवेळी आपल्याकडून घडेल अशी तयारी करता येते का, आणि त्या मुलाला मी काय उत्तर द्यावे.

दुर्बीण

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी बरीच वर्षे प्राणीगणनेच्या कामात स्वयंसेवक म्हणून रानात फिरतो आहे, त्यामुळे प्राण्यांच्या बाजूने काय घडत असते तेवढे सांगू शकेन. मनाच्या बाजूने दुसऱ्या कुणी जाणकाराने लिहावे.

त्या फुत्काराने तुम्ही पळालात, पण तो फुत्कार म्हणजे हल्ला नव्हता. पिल्लांबरोबरच्या मादीने दिलेला तो इशारा होता, आणि त्याचा अर्थ "तुम्ही फार जवळ आहात" एवढाच होता. हाइनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर या गोष्टीचा बारकाईने अभ्यास केला. प्रत्येक प्राण्याचे माणसापासूनचे एक पलायन-अंतर असते. त्याच्या आत आपण शिरलो की प्राणी निघून जातो. त्याच्याही आत आणखी एक, बरेच लहान अंतर असते. तिथपर्यंत आपण पोहोचलो आणि प्राण्याला निघून जायला वाट उरली नाही, किंवा त्याच्याजवळ पिल्ले वा भक्ष्य असले, तर तो पळण्याऐवजी अंगावर येतो. वळणावर अचानक झालेल्या भेटी धोक्याच्या ठरतात त्या यामुळेच, कारण पहिले अंतर केव्हा ओलांडले गेले हे दोघांपैकी कुणालाच कळलेले नसते. म्हणून अशा क्षणी आपले काम एकच असते, त्या प्राण्याला त्याचे अंतर परत द्यायचे. तोंड त्याच्याकडे ठेवून, पाठ न दाखवता, सावकाश मागे सरकायचे, शांत आवाजात बोलत राहायचे, आणि त्याची निघून जाण्याची वाट अडणार नाही हे पाहायचे. मादी आणि पिल्ले यांच्या मध्ये तर कधीही येऊ नये.

पळू नये असे सगळेच सांगतात, पण का ते क्वचितच सांगितले जाते. एक तर आपण वेगात हरतो. अस्वल ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने धावू शकते आणि हत्तीसारखा अवजड प्राणीही ताशी २५ किलोमीटरच्या आसपास जातो; झाडीतल्या खडबडीत उतारावर आपल्याला यातले काहीच साधत नाही, उलट पाय मुरगळून पडण्याचीच शक्यता अधिक असते. दुसरे असे की मोठ्या मांजरवर्गीय प्राण्यांच्या बाबतीत पळणारी पाठ हेच पाठलागाचे निमंत्रण ठरते. सुंदरबनात १९८६ पासून जंगलात जाणाऱ्या लोकांना डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधायला दिले गेले, कारण वाघ सहसा मागून हल्ला करतो. सुरुवातीच्या काळात मुखवटा लावलेल्यांवर हल्ले झाले नाहीत. एक रंगवलेला चेहरा एवढे करू शकतो, तर समोरासमोर उभ्या राहिलेल्या माणसाचे वजन वाघाच्या लेखी किती असेल याचा विचार करावा.

प्राण्यागणिक तपशील बदलतो आणि हे बदल लक्षात ठेवण्यासारखे आहेत. बिबट्या किंवा त्याच्या जातीचा प्राणी दिसला तर खाली वाकू नये, बसू नये, हात वर करून आपण शक्य तितके मोठे दिसावे, मोठ्याने बोलावे आणि मुलाला लगेच अंगाशी घ्यावे. लहान मूल असेल तर त्याला उचलावे, मात्र उचलताना नजर प्राण्यावरून काढू नये. रानडुक्कर अंगावर आलेच तर झाडाचे खोड किंवा मोठा दगड आड घ्यावा, जमल्यास कमरेपेक्षा उंच जागी चढावे आणि काही झाले तरी पायांवर उभे राहण्याचा प्रयत्न करावा. हत्ती दूरवर दिसला तरी तिथूनच गुपचूप माघारी फिरावे. त्याच्या बाबतीत जवळून करण्याजोगा भरवशाचा उपाय मी शिकलेलो नाही, अंतर हाच उपाय आहे. माकडांच्या नजरेला नजर देऊ नये आणि त्यांच्यासमोर दात दिसतील असे हसू नये, कारण दात दाखवणे त्यांच्या भाषेत वेगळ्या अर्थाचे असते. साप दिसला तर जागीच थांबून दोन-तीन पावले मागे घ्यावीत. तो आपला पाठलाग करत नाही, बहुतेक दंश पाय पडल्याने किंवा त्याला डिवचल्याने होतात.

आणि "पळू नये" या नियमाला एक ठळक अपवाद आहे, तो म्हणजे मधमाश्या. पोळे उठले तर उभे राहणे हीच चूक ठरते. चेहरा, विशेषतः डोळे, नाक आणि तोंड झाकून सरळ रेषेत शक्य तितके लांब पळावे आणि बंद जागेत शिरावे. त्यांना झटकू किंवा चिरडू नये, कारण डंख मारणाऱ्या मधमाशीतून सुटणारा गंध बाकीच्यांना तिथेच बोलावतो. त्याला पिकल्या केळ्यासारखा वास येतो. पाण्यात उडी मारून लपण्याचा जुना सल्लाही पाळू नये, माश्या पाण्यावर घोंघावत थांबून राहतात.

आता "प्राणी माणसाला घाबरतात" याविषयी. हे खरे आहे आणि ते मोजलेले आहे. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर परिसरात पाणवठ्यांवर ध्वनिक्षेपक लावून संशोधकांनी प्राण्यांना वेगवेगळे आवाज ऐकवले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सिंहाच्या गुरगुरण्यापेक्षा माणसांचे साधे संभाषण ऐकून प्राणी पळून जाण्याची शक्यता दुप्पट आढळली. म्हणून झाडीत आणि वळणाआधी बोलत चालणे हा माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी उपाय आहे. ओरडायला नको, गाणी लावायला नकोत, नेहमीच्या आवाजात गप्पा पुरतात. कानात इयरफोन मात्र कधीही नकोत.

यालाच जोडून एक सूचना. २०१८ साली सहा खंडांतील ६२ सस्तन प्रजातींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात माणसाचा वावर असलेल्या ठिकाणी प्राणी आपले फिरणे रात्रीकडे ढकलत आहेत असे दिसून आले. म्हणजे दिवस आपल्याला सोडून त्यांनी रात्र पत्करली आहे, आणि आपण पुरते उजाडण्याआधी निघतो तेव्हा त्यांच्या परतीच्या वेळी त्यांच्या वाटेवर असतो. तुम्ही अर्धा-पाऊण तास उशिरा निघालात तर वाट तीच राहील, पण तिच्यावर भेटणारे बदलतील. वाटेच्या कडेची माती नांगरल्यासारखी ताजी उकरलेली दिसली तर रानडुकरे नुकतीच तिथे होती असे समजावे आणि त्या दिवशी पुढे जाऊ नये.

जुनी काठी

ताई, दुर्बीण यांनी लिहिले ते सर्व बरोबर आहे, तरीही मला थोडे वेगळे सांगायचे आहे. बावीस वर्षांपूर्वी मला अस्वलाने जखमी केले. ओढ्याच्या कडेने चालत होतो, पाण्याचा आवाज मोठा होता, वारा समोरून येत होता, म्हणजे माझी चाहूलही त्याला नव्हती आणि माझा वासही नव्हता. आम्ही एकमेकांना पाहिले तेव्हा जेमतेम पाच पावलांचे अंतर होते. खांदा आणि डोक्याची एक बाजू यांवर झालेल्या जखमा भरायला दीड वर्ष गेले. माझा सोबती काठी आपटत, ओरडत पुढे आला म्हणून ते निघून गेले.

इस्पितळात मला भेटायला आलेल्या प्रत्येकाने आकडे सांगितले. रस्त्यावरील अपघातांत जगभर दरवर्षी सुमारे १२ लाख माणसे मरतात, त्यापुढे अस्वल म्हणजे काहीच नाही, असे मला समजावण्यात आले. आकडा खोटा नाही. पण ज्याच्या बाबतीत ती दुर्मीळ गोष्ट घडून गेली आहे त्याला दुर्मीळपणाने धीर येत नाही, म्हणून अशा आकड्यांनी तुमचे समाधान होत नसेल तर त्यात तुमचा दोष आहे असे कृपया मानू नका.

मला भीतीबद्दल आदरच आहे. त्या दिवशी ओढ्याकडे वळताना मला क्षणभर नकोसे वाटले होते आणि मी ते मनातून झटकून टाकले होते. ती भीती मी दोन मिनिटे आधी ऐकली असती तर बोलत गेलो असतो, काठी दगडावर वाजवत गेलो असतो. वाहते पाणी, समोरचा वारा, दाट वळण आणि अंधूक उजेड या चार जागी भीती वाटलीच पाहिजे, तिथे ती शहाणी असते. पाचोळ्यातल्या सरड्याला घाबरते ती मात्र थकलेली भीती आहे. तिला विश्रांती हवी, शिक्षा नको.

मी आजही चालतो. एकटा नाही, आणि काठीवाचून नाही.

अंतर्मन

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते. पाऊलवाट, तुमच्या लिखाणातील ज्या वाक्यापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले ते असे की तुम्हाला आता स्वतःची भीती वाटते. मला वाटते की खरा विषय हाच आहे, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले की संकट दिसताच शरीर लढण्याची किंवा पळण्याची सिद्धता करते. ॲड्रेनलिन रक्तात उतरते, हृदयाची गती वाढते, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते. पुढे यात तिसऱ्या प्रतिक्रियेची भर पडली, ती म्हणजे जागच्या जागी थिजून जाणे. मेंदूतील अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या भागाचा यात मोठा वाटा असतो, आणि जोसेफ लेडू या संशोधकाने मांडले त्याप्रमाणे धोक्याची कच्ची खबर तिथे एका जवळच्या वाटेने पोहोचते, तर समोर नक्की काय आहे याचा सविस्तर अर्थ लावणारी वाट लांबची असते. म्हणून पाय हलतात तेव्हा विचार अजून वाटेतच असतो. तुम्ही भाच्याला सोडायचे ठरवले आणि मग पळालात असे घडलेले नाही. ठरवणाऱ्या तुम्ही त्या क्षणी तिथे पोहोचलेल्याच नव्हता. तुम्ही पोहोचलात तेव्हा थांबलात आणि वळून पाहिलेत, असे तुम्हीच लिहिले आहे.

आणि मुलगा उभा राहिला ते धैर्य होते असेही समजू नये. तो बहुधा थिजला होता. एकाच्या शरीराने पळणे निवडले आणि दुसऱ्याच्या शरीराने थिजणे, निवड दोघांचीही नव्हती. हे त्यालाही सांगायला हवे, कारण नऊ वर्षांचे मूल आपल्याला पळता आले नाही याचीही लाज मनात धरून बसू शकते. त्याच्या प्रश्नात मला तीही शक्यता ऐकू येते.

आता तुम्ही मागे फिरता तेव्हा काय होते ते पाहू. मागे फिरल्याबरोबर मोकळे वाटते असे तुम्ही लिहिले आहे, आणि भीती वाढण्याचे कारणही नेमके त्या मोकळेपणातच आहे. मेंदू असा हिशेब मांडतो की आपण परतलो म्हणून वाचलो. पुढे गेलो असतो तर काहीच घडले नसते, हे कळण्याची संधी त्याला मिळतच नाही. म्हणून टाळलेली वाट दिवसेंदिवस अधिक भयानक होत जाते. यावर जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडलेली आणि नंतर अनेक अंगांनी सुधारलेली पद्धत अशी की भीतीच्या गोष्टीकडे पायरीपायरीने जायचे आणि प्रत्येक पायरीवर धडधड उतरेपर्यंत थांबायचे. तुमच्या बाबतीत मी असे सुचवेन की पहिल्या आठवड्यात भर दिवसा, कुणाबरोबर तरी, वाट सुरू होते तिथे नुसते जाऊन दहा-पंधरा मिनिटे बसावे. धडधड वाढेल, वाढू द्यावी. तिचा भर ओसरू लागला की मगच उठावे. भर असताना उठलात तर तीच जुनी शिकवण पक्की होईल. पुढे पहिले झाड, मग पहिले वळण, मग ती जागा. घाई करू नये आणि एखाद्या दिवशी मागची पायरी गाठावी लागली तर खंत करू नये.

मात्र झोप सतत मोडत असेल, तो प्रसंग नकळत पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येत असेल, तर चार महिने हा थोडा काळ नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांची किंवा प्रशिक्षित समुपदेशकांची प्रत्यक्ष भेट घ्यावी, हे मी आग्रहाने सांगते.

ऐनवेळी योग्य ते घडेल का, असे तुम्ही विचारले आहे. विचार उशिरा पोहोचतो हे मान्य केले की उपाय त्यातूनच निघतो. एखादी लहानशी हालचाल इतक्या वेळा करायची की ती विचारावाचून होईल. फक्त एकच हालचाल निवडा आणि तीही साधी. तुम्हा दोघांसाठी माझ्या मते ती हालचाल म्हणजे हात धरणे. काहीही दचकवणारे घडले, अगदी दार आपटले, वाटेत फांदी पडली, तरी आधी एकमेकांचा हात धरायचा आणि मोठ्याने "थांब" म्हणायचे. घरात, रस्त्यावर, खेळ म्हणून शंभर वेळा करा. पुढचे मागे सरकणे, बोलणे, खोडाआड जाणे हे सगळे त्या हातातून सुरू होईल.

राहिला भाच्याचा प्रश्न. सुझन मिनेका यांच्या प्रयोगशाळेत माकडांवर झालेले प्रयोग इथे आठवतात. प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांना सापाची भीती नव्हती, पण रानातून आणलेली माकडे सापाला घाबरताना त्यांनी पाहिली आणि थोड्याच वेळात तीही घाबरू लागली. याच संशोधनाचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. ज्या माकडांना आधी सापाजवळ निवांत वावरणारे माकड दाखवले गेले, त्यांच्यातली बहुतेक नंतर घाबरलेली माकडे पाहूनही भीती शिकली नाहीत. तुमच्या भाच्याने एकदा पळणारी मावशी पाहिली आहे, आणि गेले चार महिने तो टाळणारी मावशी पाहतो आहे. त्याला शब्दांत जे उत्तर द्याल ते द्याच, पण तुम्ही पुन्हा सावधपणे चालू लागलेल्या त्याने पाहणे हे त्याहून मोठे उत्तर असेल.

पाऊलवाट

तुम्हा तिघांचेही मनापासून आभार. अंतर्मन यांचा प्रतिसाद वाचून मी त्याच संध्याकाळी भाच्याशी बोलले. मी त्याला सांगितले की मी पळाले ते चूक होते, मला तसे करायचे नव्हते, माझे पाय माझ्या आधी धावले. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "माझे पाय तर चिकटलेच होते. मला वाटलं, मला पळताच येत नाही." म्हणजे ती लाज खरोखरच त्याच्या मनात होती आणि चार महिने मला तिचा पत्ता नव्हता, हे कळल्यावर मला फार वाईट वाटले.

दोन शंका विचारते. शेजारच्यांचा कुत्रा सोबत न्यावा का, असे काहीजण सुचवतात. आणि दुर्दैवाने दंश किंवा चावा झालाच तर त्या क्षणी काय करावे, हेही कृपया लिहावे, कारण आता मुलाची जबाबदारी घेऊन निघायचे आहे.

दुर्बीण

कुत्रा साखळीने बांधलेला आणि हाताशी असेल तर त्याची चाहूल उपयोगी पडते. मोकळा सोडलेला कुत्रा मात्र नेऊ नये. तो झाडीत घुसतो, प्राण्याला डिवचतो आणि मग जीव वाचवायला धावत तुमच्याचकडे येतो, त्याच्या मागे तो प्राणीही. मोठ्या मांसभक्षक प्राण्यांनी माणसांवर केलेल्या हल्ल्यांचा आढावा घेणारा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात सुमारे निम्म्या हल्ल्यांमागे माणसांचे धोका वाढवणारे वर्तन आढळले, आणि त्या वर्तनांत कुत्रा मोकळा सोडून फिरणे, मुलांना एकटे सोडणे, पिल्लांबरोबरच्या मादीजवळ जाणे आणि संधिप्रकाशात किंवा रात्री बाहेर असणे या गोष्टी होत्या.

जवळ जाण्यावरून आठवले. हल्ली फोटो काढण्यासाठी लोक पुढे सरकतात, ते मला फार अस्वस्थ करते. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा नियम अस्वल आणि लांडगा यांच्यापासून किमान ९१ मीटर, आणि गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसनपासून व इतर प्राण्यांपासून किमान २३ मीटर दूर राहावे असा आहे. तिथे सर्वाधिक माणसे अस्वलांमुळे जखमी झालेली नाहीत, शांतपणे चरणाऱ्या बायसनमुळे झाली आहेत, कारण चरणारा प्राणी गरीब आहे असे लोक धरून चालतात.

सर्पदंशाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५४ लाख सर्पदंश होतात आणि ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसे दगावतात, म्हणून चालणाऱ्याने ज्याची तयारी ठेवावी असा प्राणी माझ्या मते बिबट्याच्याही आधी साप आहे. घोटा झाकणारे बूट आणि अंधारात टॉर्च एवढ्याने बरेच दंश टळतात. दंश झालाच तर कापू नये, चोखू नये, आवळून दोरी बांधू नये. अंगठी, घड्याळ काढावे, तो हात किंवा पाय फळीला बांधून हलणार नाही असा ठेवावा, माणसाला चालवू नये आणि प्रतिविष मिळेल अशा इस्पितळात तातडीने न्यावे. सापाला मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नये. कुत्रा, माकड, कोल्हा, वटवाघूळ यांपैकी कुणीही चावले किंवा ओरबाडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांकडे जावे. जखम किरकोळ दिसते म्हणून थांबू नये, कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो रोग जवळजवळ नेहमीच जीव घेतो.

जुनी काठी

मुलाच्या हातातही एक काठी द्यावी. कुणाला मारण्यासाठी नव्हे. दगडावर वाजवत चालायला काहीतरी असले की मुलाचे हातही गुंतलेले राहतात आणि वळणापलीकडच्याला आपण येत आहोत हे कळते.

पाऊलवाट

सात आठवड्यांनी लिहिते आहे. पहिले दोन आठवडे मी वाटेच्या तोंडाशी बसण्यापलीकडे गेले नाही. पहिल्या दिवशी धडधड उतरायला पंचवीस मिनिटे लागली, दहाव्या दिवशी सहा. तिसऱ्या आठवड्यात पहिल्या वळणापर्यंत गेले आणि तिथून दोनदा घाबरून परतले. तेव्हा अंतर्मन यांनी सांगितल्याप्रमाणे मागची पायरी धरली. झोपेसाठी एका समुपदेशकांकडेही जाऊ लागले आहे. घरात "थांब" चा खेळ इतका रंगला आहे की परवा कपाटावरून डबा पडला तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांचा हात आधी धरला आणि डब्याकडे नंतर पाहिले.

गेल्या रविवारी त्याला घेऊन निघाले. चांगले ऊन पडल्यावर निघालो, दोघांच्याही हातात काठ्या होत्या, आणि तो शाळेतली कुठलीशी लांबलचक गोष्ट मोठ्याने सांगत होता. त्या वळणाच्या थोडे अलीकडे त्यानेच माझा हात धरला आणि म्हणाला, "थांब." वाटेच्या डाव्या बाजूची माती हातभर रुंद पट्ट्यात उकरलेली होती, मुळे वर आली होती. आम्ही तिथे उभे राहून झाडीकडे पाहिले, ऐकले, आणि मग बोलत बोलत, तोंड झाडीकडे ठेवून वीस-तीस पावले मागे आलो आणि परत फिरलो. छातीत धडधड होती, पण मला माझे पाय जमिनीवर जाणवत होते आणि त्याचा हात माझ्या हातात होता. आदल्या चार महिन्यांतल्या मागे फिरण्यासारखे हे मागे फिरणे मला वाटले नाही.

दुर्बीण, घरी आल्यापासून तो तुम्हाला एक गोष्ट विचारायला सांगतो आहे. उकरलेली माती आजची की कालची हे कशावरून ओळखायचे? वरची ढेकळे सुकलेली होती, पण एका खड्ड्याच्या तळाशी ओल होती, असे तो आवर्जून लिहायला सांगतो आहे.